ओट्यावरची मांजर आणि डांबरगोळ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती युक्त्यांच्या सदरात मांजराला ओट्यावर, कपाटावर चढू न देण्याचे पाच उपाय चौकटीत छापून आले आहेत. तोंडावर पाणी फवारा. मानेला धरून झटका द्या. ओट्याच्या कडेला रिकामे डबे रचा, पडले की घाबरेल. कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या टाका. पाचवा खरं तर उपाय नाही, दिलासा आहे: मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवरच उतरतं, तेव्हा गॅलरीची काळजी नको. ती चौकट मी दोनदा वाचली आणि पेन्सिल घेऊन बसलो. पेन्सिल अशासाठी, की अडतीस वर्षं सुतारकाम केलंय, कानामागची पेन्सिल सोडून दुसऱ्या कशाने लिहायला घेतलं की हात अडखळतो.

स्वयंपाकघरातली कपाटं, मांडण्या, ओट्याखालचे कप्पे हेच माझं आयुष्यभराचं काम. मांजरांशी संबंध तिथूनच आला. नवं कपाट उभं करून मी बिजागऱ्या तपासत असायचो आणि घरातलं मांजर माझ्याआधी कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसलेलं असायचं. गिऱ्हाइकं विचारायची, याला चढताच येणार नाही असा ओटा करून देता का? मी म्हणायचो, देतो की, पण मग त्या ओट्यावर तुम्हालाही शिडी लावून स्वयंपाक करावा लागेल. धडधाकट मांजर उभ्या जागेवरून सहज पाच फूट उडतं, आणि ओटा असतो पावणेतीन फुटांचा. तिच्या दृष्टीने ती पायरी आहे.

उगाच शहाणपणाचा आव आणत नाही. आपल्या पाचांपैकी तीन उपाय मी स्वतः करून बसलोय, म्हणून तर लिहितोय.

आमची चिमी घरी आली तेव्हा सहा महिन्यांची होती. पहिल्या आठवड्यातच तिने ओटा ताब्यात घेतला. मी झाडांवर पाणी मारायची बाटली घेतली आणि ती चढली की फवारा, असं दोन महिने केलं. दोन महिन्यांत ती एवढंच शिकली, की हातात बाटली असलेला म्हातारा वाईट. मी समोर असलो की जमिनीवर, पाठ वळली की ओट्यावर. सकाळी उठून पाहावं तर काळ्या दगडावर पावलांचे फिकट ठसे, चार बोटं आणि मधली गादी, स्वच्छ उमटलेले. माझ्या कामाच्या खोलीतला लाकडाचा भुसा पायाला लागून यायचा, त्यामुळे पुरावा पक्का. पुढे पुढे तर मी बाटली न घेता जवळ गेलो तरी ती कान मागे पाडून सटकायची. ओट्याचा राग माझ्यावर निघाला.

मग डबे. पत्र्याचे सात रिकामे डबे ओट्याच्या कडेला एकावर एक रचून मी झोपायला गेलो, आणि मनात म्हणालो, आता बघू. रात्री अडीचच्या सुमारास जो आवाज झाला त्याने बायको आधी उठली, मग मी. स्वयंपाकघरात डबे सगळीकडे आणि मांजर कुठेच नाही. सकाळी सापडली ती माळ्यावर, जुन्या गादीच्या मागे. खाली येईना. वाटी वर नेऊन ठेवली तर वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून डॉक्टरांकडे नेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, की मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. कुत्रा एखाद दिवस रुसून बसला तर चालतं, मांजराचं तसं नसतं. मी मान खाली घालून ऐकत होतो. चिमी वाचली. आठवड्याभरात ओट्यावर पुन्हा चढायलाही लागली. घरात कुठे झाकण पडलं तरी ती आजही पलंगाखाली जाते. डब्यांची भीती राहिली, ओट्याची गेली.

त्याच दिवशी बाईंनी विचारलं, आणखी काय काय केलंत? मी सांगितलं, शेगडीच्या मागे दोन डांबरगोळ्या ठेवल्यात. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाल्या, घरी जाऊन आधी त्या काढा. डांबरगोळ्या म्हणजे बहुधा नॅप्थलीन. मांजर गोळी खाईलच असं नाही. तिच्यावर पाय पडतो, गोळी पंज्याने टोलवली जाते आणि मग ते पंजा चाटतं. दिवसाचा केवढा वेळ मांजर अंग चाटण्यात घालवतं ते घरात पाळणाऱ्याला सांगायला नको. माणसाचं यकृत जी काही रसायनं बऱ्यापैकी निकामी करून बाहेर टाकतं, त्यातल्या कित्येकांपुढे मांजराचं यकृत लंगडं पडतं. नॅप्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृताला इजा होते. वाफसुद्धा चांगली नाही. उग्र वासाच्या तेलांची तीच गत, टी ट्री तेल तर मांजराला सरळ सरळ विष. आपल्या चौकटीत या गोळ्या 'स्वस्त आणि सोपा उपाय' म्हणून आल्या आहेत.

मानेला धरून झटका देणं मात्र मी केलं नाही. पिल्लाला आई तशी उचलते हे खरं, पण मोठ्या मांजराला त्यातून कळतं ते एवढंच, की आपल्याला पकडलंय.

यानंतर काही दिवस मी काहीच केलं नाही. खुर्ची टाकून बसलो आणि एका प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीने रेघा मारत गेलो: चिमी ओट्यावर चढली की एक रेघ, आणि पुढे कुठे गेली ते. कामावर असताना मोजमाप घेतल्याशिवाय करवत लावली नाही कधी, इथेच कशी अक्कल गेली होती कोण जाणे. आठवड्यात एकोणीस रेघा झाल्या. त्यातल्या चौदा वेळा ती वाटीकडे, भांड्यांकडे ढुंकूनही न बघता सरळ सिंकच्या वरच्या खिडकीत गेली. बाहेर पत्र्यावर कबुतरं बसतात. तीन वेळा नळाच्या थेंबासाठी. खाण्यासाठी फक्त दोनदा. आणि चौदातल्या बहुतेक रेघा पहाटेच्या नाहीतर दिवेलागणीच्या, म्हणजे मांजराच्या शिकारीच्या वेळेच्या. मी दोन महिने ज्या ओट्यासाठी लढत होतो, तो तिला नकोच होता. ती वाटेत येणारी पायरी होती.

उंच जागा हा मांजराचा शौक नाही. त्याच्या पूर्वजाचं, म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचं, जगणंच तसं. ते उंदीर मारतं आणि त्याला मारणारेही असतात. वर बसलं की सावजही दिसतं, वैरीही दिसतो, आणि पाठीमागून कोणी येत नाही. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली तेव्हा उंदरांमागे हे आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं, ते 2004 साली प्रसिद्ध झालं. इतक्या हजार वर्षांत ते आपल्या मांडीवर झोपायला शिकलं, पण जमिनीवर निर्धास्त बसायला शिकलं नाही. आपल्या दोन महिन्यांच्या बाटलीने ते शिकेल होय?

नात मानसशास्त्र शिकते. मी माझ्या रेघा तिला दाखवल्या तेव्हा तिने थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाचं सांगितलं. त्याने 1898 साली आपल्या प्रबंधात भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत कोंडून बाहेर खाणं ठेवलं होतं. दोरी ओढली किंवा खिटी दाबली की दार उघडायचं. आधी मांजर वाट्टेल तशी धडपड करायचं आणि चुकून खिटीला धक्का लागायचा. पुढच्या खेपांना हळूहळू वेळ कमी होत गेला. ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं ती कृती पक्की होते, हा त्याचा नियम. (त्या पेट्यांचे फोटो नातीने दाखवले. सुतार म्हणून सांगतो, काम अगदीच गबाळं. पण निष्कर्ष पक्का.) ओट्यावर पंधरा दिवसांतून एकदा जरी माशाचा काटा सापडला तरी ती सवय जिवंत राहते, उलट कधीतरीच मिळतं म्हणून जास्तच चिवट होते. म्हणून खरकटं रात्री ओट्यावर ठेवायचं नाही, हा पहिला नियम मांजराला नाही, आम्हाला लागू झाला. बायकोने तो मला लावला.

मग मी माझ्या हातातलं काम केलं. शेजारच्या खोलीच्या खिडकीतूनही तोच पत्रा दिसतो, तीच कबुतरं. त्या खिडकीशी साडेपाच फुटांवर एक फळी ठोकली, एक फूट रुंद, दीड फूट लांब. चिमी आली, वर पाहिलं, उडी मारली, आणि फळी इतकीशी, अगदी सुताभर, हलली. ती लगेच खाली. त्यानंतर पाच दिवस त्या फळीखालून गेली पण वर बघितलंही नाही. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. गिऱ्हाइकाच्या घरी मी असं काम केलं असतं का? मांजर चार किलोचं म्हणून मी दोन बारीक ब्रॅकेटवर भागवलं होतं. पण चार किलो बसलेले वेगळे आणि चार किलो उडी मारून आदळलेले वेगळे. फळी काढली, भिंतीत नव्याने गिट्ट्या ठोकल्या, तीन जाड ब्रॅकेट लावले आणि स्वतः हाताने लोंबकळून पाहिलं. वर गालिच्याचा तुकडा चिकटवला, कारण गुळगुळीत लॅमिनेटवर पंजा घसरतो. वाटेत दोन छोट्या फळ्या सव्वा-सव्वा फुटाच्या अंतराने दिल्या. शेजारी साडेतीन फुटांचा खांब, त्याला घायपाताचा दोर गच्च गुंडाळलेला, तळाला जड फळकूट. मांजर नखं ओरबाडताना पूर्ण ताणून उभं राहतं, म्हणून खांब तीन फुटांच्या खाली नको आणि हलता तर मुळीच नको. बाजारात मिळणारे कितीतरी खांब मांजराने टेकलं की डुगडुगतात. मग मांजर सोफ्याकडे वळतं आणि शिक्षा सोफ्याची होते, म्हणजे मांजराची.

फळी पक्की झाल्यावरच मी ओट्याकडे वळलो. हा क्रम उलटा केला की सगळं फसतं. आधी तिथून हाकलायचं आणि पर्याय नंतर, हे माणसालासुद्धा आवडत नाही.

उडी मारण्याआधी मांजर काय करतं ते एकदा जमिनीवर बसून पाहावं. चिमी डोकं वर करते, खाली घेते, पुन्हा वर, मी टेप लावून अंदाज घ्यावा तशी. मागचे पाय आलटूनपालटून दाबते, ढुंगण दोनदा हलवते. आणि वर पोचते तेव्हा पुढचे पंजे आधी टेकतात ते नेमके कडेच्या पहिल्या चार बोटांत. तिथे पंज्याच्या गादीला जे लागतं त्यावरून तिचं ठरतं, इथे थांबायचं की नाही. म्हणून मी पुठ्ठ्याच्या चार इंच रुंद पट्ट्या कापल्या, त्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली आणि त्या फक्त कडेने ठेवल्या. स्वयंपाक करताना उचलून बाजूला, रात्री पुन्हा जागेवर. पहिल्या दिवशी ती चढली, एक पंजा उचलला, झटकला, दुसरा उचलला, मग माझ्याकडे अशी बघितली की मलाच लाज वाटली, आणि उतरली. आवाज नाही, भीती नाही, म्हातारा वाईट नाही. ओटाच चिकट. तीन आठवडे पट्ट्या ठेवल्या, मग एकेक कमी केली.

स्वयंपाक चालू असताना तिला आमच्यातच यायचं असतं, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी ओट्यापासून दोन हातांवर एक उंच स्टूल ठेवलं. चारही पाय स्टुलावर टेकले की मी टेपमापाचं बटण दाबतो, टक, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. लगेच म्हणजे लगेच. डबा शोधायला गेलं तर तिला कशाबद्दल मिळालं ते कळत नाही. आता फोडणीचा आवाज आला की बाईसाहेब स्टुलावर. आणि दिवेलागणीला पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागे पळवायची, शेवटी ते पकडू द्यायचं, मग जेवण. शिकार, खाणं, चाटणं, झोप असा त्यांचा क्रमच असतो. दोरी मात्र खेळ झाला की कपाटात, कारण गिळली तर आतडी कापते.

आता तो पाचवा दिलासा. मांजर हवेत स्वतःला वळवून घेतं हे खरंच आहे. मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1894 साली एकामागून एक फोटो घेऊन ते दाखवलंसुद्धा. पण पायांवर उतरणं म्हणजे शाबूत उतरणं नव्हे. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातल्या 132 पडलेल्या मांजरांचा अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाला. उपचार घेतलेल्यांतली नव्वद टक्के वाचली, आणि तेवढंच वाक्य सगळीकडे फिरतं. त्यात छाती फुटलेली, जबडा मोडलेली, पाय तुटलेली किती होती ते कोणी सांगत नाही. शिवाय जी जागच्या जागी गेली त्यांना रुग्णालयात कशाला नेतील? ती हिशेबात कुठून येणार? मांजराचं गळ्याचं हाड खांद्याच्या हाडांना जोडलेलं नसतं, स्नायूत तरंगतं. त्यामुळे ते चिंचोळ्या फटीतून जातं, उतरताना पुढच्या पायांवर धक्का झेलतं. पण झेलण्याला हद्द असते. गॅलरीच्या कठड्यावर कबूतर दिसलं की मांजराला उंची दिसत नाही. तिथे टेप नको, फळी नको, घट्ट ताणलेली जाळी हवी. एवढ्या एका बाबतीत मी चढणं पूर्ण बंद करण्याच्या बाजूचा आहे.

आमच्याकडे दामू नावाचा बोकाही आहे, चिमीपेक्षा बराच थोरला. दोघांच्या भांडणात तो कपाटावर जाऊन बसायचा, म्हणून फळ्यांना दोन बाजूंनी वाट ठेवली, कोंडी नको. दोन वर्षांपूर्वी, तो तेरा वर्षांचा असताना, त्याने कपाटावर चढणं सोडलं. मी आठवडाभर खूश होतो. म्हटलं, आली अक्कल. मग एका संध्याकाळी तो पलंगाशी उभा राहिला, वर पाहिलं, पुढचा पाय पलंगाच्या कडेवर ठेवला, थांबला, आणि पाय खाली घेऊन जमिनीवरच बसला. म्याव नाही, काही नाही. डॉक्टरबाईंनी एक्स-रे दाखवला: दोन्ही कोपर आणि एक माकडहाडाजवळचा सांधा झिजलेला. त्या म्हणाल्या, 2002 साली बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले होते, त्यातल्या नव्वदांत सांध्यांची झीज दिसली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, नुसतं चढायचं थांबतं. उलटही होतं: म्हातारं मांजर एकाएकी ओट्यावरचं सगळं खात सुटलं, वजन मात्र उतरतंय, तर थायरॉइड तपासावं. दामूला औषध चालू आहे. (माणसांची पॅरासिटामॉल कोणी कनवाळूपणाने देऊ नका, मांजर त्याने मरतं.) मी त्याला पलंगाला आणि खिडकीला सहा-सहा इंचांच्या पायऱ्या करून दिल्या, पायाला रुतेल असा गालिचा लावून. अडतीस वर्षांत इतक्या बुटक्या पायऱ्या कोणाला केल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी तो खिडकीत होता.

आपल्या सदराचं लेखन कोण करतं मला माहीत नाही आणि त्यांच्याशी माझं भांडणही नाही. मीही त्याच वाटेने गेलोय. विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या टायपात छापावं: मांजर असलेल्या घरात डांबरगोळ्या ठेवू नयेत, ठेवल्या असल्यास आजच काढाव्यात, आणि मांजराने तोंड लावल्याची शंका आली तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावं. बाकीच्या चार मुद्द्यांवर वाद घालायला माझ्याकडे भरपूर वेळ आहे. या एकासाठी नाही.

आपला,
एक निवृत्त सुतार

ता. क. हे वाचून कोणी फळी ठोकायला निघालं, तर भिंतीतून विजेची वायर कुठून गेली आहे ते आधी पाहावं. अडतीस वर्षांच्या अनुभवानंतरही मी पाहिलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी चिमी अंधारात फळीवर, मी स्टुलावर आणि बायको मेणबत्ती शोधत, असे तिघं बसलो होतो.